पोट बांधायचं राहिलं

नऊवारी लुगडं नेसायला हात किती लागतात असं विचारलंत तर कुणीही दोन म्हणून सांगेल. मला तीन लागत. एका हाताने पोट वर उचलून धरायचं, दुसऱ्या हाताने लुगड्याची टोकं कमरेशी ओढून आणायची, आणि गाठ मारायची वेळ आली की तिसरा हात आणायचा कुठून? मग मी एक पाय पाटावर ठेवायची, मांडीवर पोट टेकवायची आणि वाकून, श्वास कोंडून गाठ मारायची. दार आतून लावलेलं असे. बाहेरून लेक हाका मारी, आई, इतका वेळ काय करतेस गं आत? काय सांगणार तिला, कपाळ?

हे पोट माझं जन्मापासूनचं नव्हे. लग्नात माझ्या कमरेला आईचा पट्टा सैल पडला होता. पहिली ही लेक झाली तेव्हा आईने मला माहेरी ठेवून घेतलं आणि चाळीस दिवस रोज अंघोळीनंतर जुनं सुती लुगडं लांब घडी करून पोटाला आवळून बांधलं. इतकं आवळून, की मी रडायची. आई म्हणायची, आज रड, पुढे माझी आठवण काढशील. चाळीस दिवसांनी पोट जागच्या जागी गेलं.

शेवटचं मूल झालं ते बऱ्याच वर्षांनी. तोवर आई गेली होती. बाळंतपण इथे कुंभकोणमलाच, आमच्याच मागच्या खोलीत झालं. मुलगा होता. रडला नाही. सुईणीने त्याला उलटा धरला, पाठीवर चापट्या मारल्या, पाणी शिंपडलं, आणि मग कापडात गुंडाळून बाहेर नेला. मी त्याचा एक पाय पाहिला तेवढाच.

बाळ नाही तर बाळंतीण तरी कसली? लेह्य नाही, लसणीची फोडणी नाही, शेकशेगडी नाही. सुईण परत आलीच नाही, आणि जाऊबाईंनी मला बाराव्या दिवशी अंघोळ घालून स्वयंपाकघरात आणून उभं केलं. पोट बांधायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मी कुणाला म्हणणार? मेलेल्या मुलाच्या आईने आपलं पोट बांधून मागायचं म्हणजे लोकांनी तोंडात बोटं घातली असती. सोळाव्या दिवशी मी विहिरीवरून घागर ओढत होते.

ते पोट तसंच राहिलं. राहिलं म्हणजे वाढलं. बेंबीपाशी एक मऊ गोळा आला. खोकलं की तो बाहेर येई, आडवं झालं की आत जाई. खाली कातडीचा लोळ लोंबायचा, उन्हाळ्यात त्याच्या घडीत घामाने कातडी सोलून निघायची. आणि समोरून बघणाऱ्याला मी कायमची सहा महिन्यांची गर्भार दिसायची. बसमध्ये बायका उठून जागा द्यायच्या. बांगड्या भरणारी म्हातारी दोन बांगड्या जास्त घालून म्हणायची, या आतल्याला. पहिल्यांदा मी सांगायचा प्रयत्न केला. मग सोडून दिला. जागा मिळाली की बसायचं, बांगड्या घातल्या की हात पुढे करायचा. तीन वर्षं मी त्या बांगड्या घातल्या.

इथवर सगळं माझ्यापुरतं होतं. मग लेकीचं स्थळ आलं.

मुलगा पापनाशमचा, आपल्याच मराठी लोकांतला, मद्रासला रेल्वेत चिकटलेला. मुलगी बघायला त्याचे वडील आले, दोन काका आले, आणि मुलाची आजी आली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पाठ ताठ, नजर अशी की भांड्याचा पोचा पहिल्यांदा हिलाच दिसावा. लेकीने पद म्हटलं, मी कॉफीचं तबक घेऊन आले. आजींनी पेला उचलला आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं. मुलाच्या वडिलांनीही पाहिलं, आणि लगेच दुसरीकडे बघितलं. मी आत गेले. मुलगी पसंत पडली हे मला तबक परत नेतानाच कळलं होतं.

आठ दिवसांनी पत्र आलं. मुलगी पसंत आहे. मात्र मुलीची आई सहा महिन्यांची गर्भार असताना त्या घरी मंगलकार्य करणं आमच्या घराण्यात चालत नाही, कन्यादानाला आईबाप बसायचे, तेव्हा सुखरूप सुटका झाल्यावर कळवावं. श्रावणापर्यंत, म्हणजे इथल्या आवणी महिन्यापर्यंत, वाट पाहू, पुढे नाही. खाली मुलाच्या वडिलांची सही.

आमचे यजमान शाळेत संस्कृत शिकवत. कुठल्याही श्लोकाचा अन्वय लावून देतील, पण ते पत्र हातात धरून ते झोपाळ्यावर नुसते बसून राहिले.

मी म्हटलं, “लिहा की, तसं काही नाही म्हणून.”

“कसं लिहू? तसं काही नाही, मग ते काय आहे, असं विचारतील. तुझ्या पोटाबद्दल मी चार पुरुषांना पत्र लिहू?”

खरं सांगते, त्या वेळी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या पोटाबद्दल चार पुरुषांनी पत्र लिहिलेलं चालतं, त्याला उत्तर मात्र देता येत नाही. पण ते म्हणत होते त्यात खोटं काय होतं? मला स्वतःला तरी लिहिता आलं असतं का? मी एक स्वप्न धरून बसले होते, अगदी साधं. लेकीला तिचं पहिलं नऊवारी मुहूर्ताच्या सकाळी मी माझ्या हातांनी नेसवायचं, आणि मांडवात तिच्या मागे उभं राहायचं. बाकी दागदागिने, मानपान चुलीत गेले. आता माझ्या पोटापायी तिचं लग्नच राहणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई तमिळ, केस पांढरे, बोलणं थोडं. त्यांनी मला आडवं करून बेंबीच्या भोवती बोटं खुपसली, खोकायला लावलं, आणि म्हणाल्या, स्नायू मधून फाटून दोन बाजूंना गेलेत, हर्निया आहे, एक दिवस आतडं अडकलं तर जीव जाईल. तो आत ढकलून शिवायचा आणि वरची लोंबणारी कातडी-चरबी कापून काढायची. बेंबी ठेवता येणार नाही.

मी विचारलं, “पोट सपाट होईल ना?”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “जीव वाचेल असं सांगतेय मी तुला.”

“ते झालंच. पण सपाट होईल ना?”

“होईल,” त्या म्हणाल्या, “पण आधी वजन कमी कर.”

मग मी तयारीला लागले. दोन्ही वेळचा भात बंद करून सकाळी मूठभर आणि रात्री ताक. डॉक्टरीणबाईंनी शिकवलं तसं रोज दुपारी आडवं होऊन छाती भरून श्वास घ्यायचा, हळू सोडायचा. कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठायचं, पोटावर जोर न देता. भुकेने डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकीकडे घराची बेगमी चालू होती. सांबाराची पूड, साराची पूड, लोणची, सांडगे, सगळं बरण्यांत भरून बांधलं. लेक म्हणायची, आई, लग्न माझं आहे की तुझं? तिला मी हर्निया म्हणून सांगितलं होतं. पत्राचं कारण नव्हतं सांगितलं. तिने स्वतःला बोल लावून घेतला असता.

आषाढात, म्हणजे इथल्या आडी महिन्यात, लग्नकार्य नसतं. तेव्हा मी दवाखान्यात दाखल झाले. आयाने एनिमा दिला, पोट भादरलं, उग्र साबणाने घासून वर पिवळं औषध फासलं. हातातल्या बांगड्या काढायला सांगितल्या. काच होती, निघेना, तेव्हा तिने एकेक फोडली. त्यात त्या म्हातारीच्या जास्तीच्या बांगड्याही गेल्या. मंगळसूत्र काढायला मी साफ नाही म्हटलं. मग त्यांनी ते पट्टीने मानेला चिकटवून टाकलं.

पाठीत सुई दिली. कमरेखाली मी नाहीशी झाले, पण जागी होते. पडद्याआड कात्रीचा आवाज ऐकू यायचा. काहीतरी जड काढून तबकात ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं विचारावं, काय निघालं. तोंड कोरडं पडलं होतं.

दुपारनंतर पाठीतल्या सुईचा अंमल उतरला आणि वेदना आली ती वर्णन करून काय उपयोग. गुडघ्यांखाली उश्या घालून मला घडी केल्यासारखं ठेवलं होतं, पाय सरळ करायचे नाहीत, टाके ताणतात. चमच्या चमच्याने पाणी. संध्याकाळी नर्स आली. तिच्या हातात जाड कापडाचा रुंद पट्टा होता, दोन्ही कडांना फाडून शेपट्या केलेल्या. तिने तो माझ्या पाठीखालून सरकवला आणि एकेक शेपूट एकमेकींवर ओढून पोट बांधायला लागली. खालून वर, घट्ट, दर वेळी एक दम खाऊन. मी रडायला लागले. ती म्हणाली, फार दुखतंय का अम्मा, सैल करू? मी मान हलवली. सैल करू नकोस म्हटलं. तीन वर्षांनी कुणीतरी माझं पोट बांधत होतं, आणि ती पोर मला ओळखतसुद्धा नव्हती.

भेटायला कोण येणार? शेजारणींना काय सांगायचं हाच प्रश्न होता, म्हणून यजमानांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आमच्याकडे मडी कडक, म्हणजे सोवळं. दवाखान्यात गेलेलं भांडं परत स्वयंपाकघरात यायचं नाही. तेव्हा लेक केळीच्या पानात मऊ भात बांधून द्यायची, आणि यजमान तो दुपारी शाळेच्या सुट्टीत आणून खिडकीतून आत सरकवायचे. आत यायचे नाहीत. आत आलं की घरी जाऊन अंघोळ, आणि मग शाळेला उशीर. खिडकीच्या गजांतून विचारायचे, “बरं आहे ना?” मी म्हणायची, बरं आहे. मग उपरण्याने मान पुसायचे, आणि जायचे. लेकीला ते आणत नसत. लग्नाची मुलगी, दवाखान्यात कशाला.

आडीच्या अठराव्या दिवशी कावेरीला नवं पाणी आलेलं असतं, सगळं गाव घाटावर जातं. त्या दुपारी वॉर्डातल्या बायकांचे नातेवाईक चित्रान्नाचे डबे घेऊन आले, चालता न येणारी मीच, बाकीच्या सगळ्या घाटावर गेल्या, आयासुद्धा गेली. अकरा खाटा आणि मी. बेंबीच्या जागी काय आहे ते पाहावं म्हणून मी पट्ट्यावरून हात फिरवला. काही नव्हतं. आईशी मी जिथे जोडलेली होते ती एकच खूण माझ्या अंगावर होती, तीही मी काढून टाकली होती. मला त्या दिवशी फार एकटं वाटलं. तेवढं एकटं मला नंतर म्हातारपणीही वाटलं नाही.

त्याच दिवसांत यजमानांनी पापनाशमला पत्र घातलं. मला खिडकीतून वाचून दाखवलं. “बाळ वाचलं नाही. ईश्वरेच्छा. आता कार्याला हरकत नसावी.”

ते म्हणाले, “खोटं काही लिहिलं नाही मी.” खोटं नव्हतंच. फक्त तीन वर्षं शिळं होतं. तेव्हा त्याच्यासाठी कुणी पत्र लिहिलं नव्हतं, आता लिहिलं, एवढंच.

पापनाशमहून लगोलग उत्तर आलं. मुलाची रजा ठरलेली, आवणीतला पहिलाच मुहूर्त धरावा. तोवर मी घरी येईन असा हिशेब होता. पण दहाव्या दिवशी टाके काढले आणि बाराव्या दिवशी मला खोकला झाला. साधा खोकला. उजव्या बाजूची शिवण चार बोटं उसवली आणि आतून पाणी वाहायला लागलं, मग पू. डॉक्टरीणबाईंनी रोज जखम धुवून आत पट्टी भरायला सुरुवात केली, पेनिसिलिनची इंजेक्शनं चालू केली, आणि सांगितलं, जखम आतून भरत येईपर्यंत हलायचं नाही. मी मुहूर्त सांगितला. त्या म्हणाल्या, “लग्नाला जाशील तर तिथून सरळ घाटावर नेतील तुला.”

यजमानांना मी म्हटलं, मुहूर्त पुढे ढकला. ते म्हणाले, “काय कारण लिहू?” आवणीपुढे ते थांबणार नव्हते. एकदा मेलेल्या मुलाला पुन्हा किती कामाला लावणार?

लग्न पापनाशमलाच, मुलाच्या घरी करायचं ठरलं. माझी तब्येत अजून बरी नाही एवढं कळवून कन्यादानाला दीर आणि जाऊबाई बसले. आदल्या दिवशी यजमान लेकीला घेऊन आले, पहिल्यांदाच आत. तिने पायावर डोकं ठेवलं. मला वाकता येईना, तिला वर उचलता येईना, तिच्या केसांपर्यंत हात पोचला तेवढा पोचला. मी तिला सांगत बसले, गाठ बेंबीच्या खाली मार, कासोटा आधी ओढून बघ, काकूला म्हणावं निऱ्या लहान घ्या. ती हसून म्हणाली, काकूला येतं गं आई. तिला येत होतंच. मी आपली सांगत राहिले, आणि ती गेली.

मुहूर्ताच्या सकाळी मी खाटेवर बसून हवेत हात फिरवून तिला लुगडं नेसवलं. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, ताप आलाय का बघा हिला.

पाच आठवड्यांनी मी घरी निघाले. कमरेत वाकून, काठी टेकत, जटक्यात, म्हणजे इथल्या टांग्यात, चढताना गाडीवानाने हात दिला. माझ्या मागे त्याने पाहिलं, मग यजमानांच्या हातातल्या गाठोड्याकडे पाहिलं. तमिळमध्ये विचारलं, “बाळ कुठे आहे अम्मा?” यजमान दुसरीकडे बघायला लागले. मीच सांगितलं, बाळ नाही, गाडी चालव. त्याने घरापर्यंत घोड्याला चाबूक लावला नाही.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी मी दार लावून लुगडं नेसले. दोन हातांत काम झालं. पाट लागला नाही. झालं म्हणून बाहेर आले, तर हाक मारायला कुणी नव्हतं.

दिवाळी पहिली म्हणून लेक आणि जावई आले. बरोबर आजी आल्या. दोन दिवस त्यांनी मला काही विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आणि जावई देवळात गेली होती. आजी विहिरीवर अंघोळ करून ओलेत्याने मागच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी मला हाक मारली. मी दारातच थांबले. माझी अंघोळ व्हायची होती, शिवले असते तर त्यांची मडी मोडली असती.

“आत ये,” त्या म्हणाल्या. “दार लाव. टाके बघू तुझे.”

मी दार लावलं. का कोण जाणे, पण मी दाखवले. एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत गेलेली ती शिवण, उजवीकडे खड्डा पडलेली, आणि मध्ये बेंबी नसलेलं कोरं पोट. दवाखान्याबाहेर ते कुणी पाहिलं नव्हतं. यजमानांनीही नाही.

आजींनी शिवणीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाल्या, “तुला दिवस नव्हते ते मला त्याच दिवशी कळलं होतं. पोटुशी बाई मागे झुकून चालते. तू पुढे वाकून तबक आणलंस.”

मी लुगडं पोटावर ओढलं. “मग अज्जी, तुम्ही बोलला का नाही? पत्र घातलं त्यांनी. मी कापून घेतलं. माझ्या लेकीच्या लग्नाला मी नव्हते.”

“कसं बोलू? तुम्हाला कसं ठाऊक म्हणून माझ्या मुलाने विचारलं असतं.”

एवढं बोलून त्यांनी अंगावरचं ओलं लुगडं सोडलं. माझं होतं तसंच पोट होतं त्यांचं. माझ्यापेक्षा खाली आलेलं, घडीतली कातडी काळी पडलेली, बेंबीपाशी मुठीएवढा गोळा. म्हणाल्या, “धाकट्याच्या वेळेपासून. तो सात दिवसांचा होऊन गेला. बेचाळीस वर्षं झाली.”

मला त्यांचा राग आला होता. खरंच आला होता, अजूनही थोडा आहे. दोन शब्द त्यांनी बोलायचे होते, आणि दोन मी. खोलीत पाट नव्हता. त्यांनी दांडीवरचं वाळलेलं लुगडं काठीने ओढलं, एका हाताने पोट उचललं, आणि गाठीसाठी टोक दातांत धरलं.

मी पुढे झाले आणि थबकले. “तुमची मडी, अज्जी.”

दातांतलं टोक त्यांनी काढलं. “राहू दे मडी. धर.”

मी त्यांचं पोट दोन्ही हातांनी उचलून धरलं, आणि त्यांनी गाठ मारली.